खुर्च्यांची गाडी

"बाई, पोर आवरता येत नसेल तर घरी बसावं माणसानं. दुसऱ्यांना कशाला ताप?"

"आई, पुरे आता."

"आई कोण? मी खिडकीतली प्रवासी आहे. माझं डोकं उठलंय, मला मळमळतंय, आणि तुमच्या चिरंजीवांनी माझ्या बुटावर केळं सांडलंय."

"केळं सांडत नाही."

"चघळलेलं सांडतं. बूट नवे आहेत. कोण पुसणार?"

"मी पुसते. थांबा."

"कशानं पुसता? एका हातात बाळ, दुसऱ्या हातात बाटली. तिसरा हात आणलाय का घरून?"

"आई, मी खरंच सांगते..."

"आणि केवढं ते सामान. घर बदलताय की काय?"

"हो, घरच बदलतेय. तेच तर करतेय," ताई म्हणाली आणि बाळाला काखोटीला मारून उठली.

"बसून घ्या बाई, गाडी वळणावर आहे," पुढून काका म्हणाले. त्यांच्या हातात पातेल्याचं झाकण होतं आणि ते सावकाश डावीकडे फिरवत होते.

"असू दे वळणावर." ताई दोन खुर्च्यांच्या फटीतून बाहेर पडली, स्टुलाला ठेचकाळली, आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

मग ताईचा चार वर्षांचा मुलगा, ज्याला घरात आणि घराबाहेरही बोकाच म्हणतात, तो आपल्या खुर्चीवरून म्हणाला, "आई चालत्या गाडीतून उतरली. घंटी पण नाही वाजवली."

खिडकीतली प्रवासी म्हणजे माझी मावशी. ती जगाची मावशी आहे, पण माझी सख्खी. मी शिकायला तिच्याकडे राहते, म्हणून त्या दिवशी मीही गाडीत होते, शेवटच्या रांगेतल्या पाटावर. गाडी म्हणजे मावशीची बाहेरची खोली. वेताच्या चार खुर्च्या, दोन स्टुलं, एक पाट, आणि पुढे चालकासाठी लोखंडी पेटी. आमच्या गल्लीत ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि प्रवास लांबचा आहे, ते निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी मावशीकडे येतात. "मावशी, परवा निघतोय," एवढं म्हटलं की काका, म्हणजे मावशीचे यजमान, घड्याळदुरुस्तीचं भिंग काढून ठेवतात आणि खुर्च्या ओढायला लागतात. मग मुलं, आईबाप, पिशव्या, सगळ्यांना बसवून मावशी त्यांच्याकडून प्रवासाची तालीम करून घेते. पिशवी कुठे ठेवायची, बाळ कुणाच्या मांडीवर, पाणी कधी, शू कधी, बोगदा आला की काय करायचं. बोगदा म्हणजे चादर. ती दोघांनी धरायची आणि सगळ्यांच्या डोक्यावरून न्यायची. ज्या मुलानं घरी चादरीखाली एकदा किंचाळून घेतलंय ते खऱ्या बोगद्यात दुसऱ्यांना समजावतं, असं मावशी म्हणते आणि ते खरं आहे.

असं सगळ्या गल्लीला गाडीत बसवणाऱ्या बाईची स्वतःची मुलगी मात्र खुर्च्यांच्या गाडीतूनसुद्धा मध्येच उतरली.

मावशी कंडक्टर आहे. ती नोकरीला लागली तेव्हा डेपोत बायका होत्या त्या झाडायला आणि हिशेबाच्या खिडकीत. गाडीवर ही पहिली. डेपोतल्या पुरुषांनी विचार केला की हिला कुठला रूट द्यावा, आणि अगदी एकमतानं तिला 'रडकी गाडी' दिली. डोंगर उतरून शहरातल्या मुलांच्या मोठ्या दवाखान्याला जाणारी ती गाडी. वळणांचा रस्ता, अर्धी गाडी आजारी पोरांनी भरलेली, उरलेल्या अर्ध्या गाडीला पोरांमुळे डोकेदुखी. त्या गाडीवर ड्युटी लागली की भल्याभल्यांच्या घरी अचानक कुणीतरी आजारी पडायचं.

"बाईमाणूस आहे, पोरं सांभाळेल," डेपो मॅनेजर म्हणाले होते.

"मी तिकिटं फाडायला आलेय साहेब, अंगाई म्हणायला नाही," मावशी म्हणाली होती.

आणि तिला पोरं अजिबात सांभाळता यायची नाहीत. हे ती स्वतःच सांगते, हसून हसून. पहिल्या पावसाळ्याआधीच तिचा आवाज बसला, इतकी ती ओरडायची. एक मूल गप्प केलं की दुसरं सुरू, दुसरं गप्प केलं की त्याची आई सुरू. मग एकदा एक पाचेक वर्षांची मुलगी गाडीत चढली. कानाचं दुखणं होतं. डेपोच्या फाटकापासून तिनं जो सूर लावला तो घाट सुरू होईपर्यंत खाली आला नाही. चालकानं आरशातून बघत सांगितलं की आता एक तर ही उतरेल नाही तर मी. गर्दी होती, मावशीच्या एका हातात तिकिटं, दुसऱ्या हातात सुटी नाणी. तिनं काही विचार केला नाही. डोक्यावर लोंबणाऱ्या घंटीच्या दोरीचं टोक तिनं त्या मुलीच्या मुठीत कोंबलं आणि म्हणाली, "हे धर. मी 'एक' म्हटलं की एकदा ओढ, गाडी थांबते. 'दोन' म्हटलं की दोनदा, गाडी निघते. चुकलीस तर सगळे घाटात अडकू."

मुलगी गप्प झाली. नुसती गप्प नाही, ताठ बसली. दवाखान्यापर्यंत तिची नजर मावशीच्या तोंडावरून हलली नाही. उतरताना चालक म्हणाला की इतक्या वर्षांत घंटी अशी वेळेवर कधी वाजली नव्हती.

तिथून मावशीची रीत सुरू झाली. तिच्या गाडीत चढणाऱ्या प्रत्येक मुलाला काम. तू पूल आला की सांगायचं. तू बघायचं, त्या आजोबांची टोपी झोपेत पडते का. तू उतरणाऱ्या प्रत्येकाला 'पुन्हा या' म्हणायचं. जे अजून बोलत नाही त्याला फाटलेल्या तिकिटांची पिशवी सांभाळायला. "पोरं प्रवासाला कंटाळत नाहीत गं," ती मला म्हणाली होती, "सामान होण्याला कंटाळतात. उचललं, ठेवलं, सरकवलं, पुन्हा उचललं. तुला कुणी असं नेलं तर तू रडणार नाहीस?"

कधी कधी ही रीत अंगावरही यायची. एका मुलाला तिनं सांगितलं होतं, निरोप घेतल्याशिवाय कुणाला उतरू द्यायचं नाही. नेमके त्या दिवशी गाडी तपासायला साहेब चढले होते. तपासून झालं, उतरायला निघाले, तर दारात हा उभा, दोन्ही हात पसरून.

"बाजूला हो बाळ."

"आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"येतो म्हणा."

साहेबांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं बाहेर पाहिलं. साहेब "येतो" म्हणाले आणि मगच उतरले. त्यानंतर डेपोत 'रडकी गाडी' हे नाव मागे पडलं आणि 'मावशीची गाडी' असं फलकावर खडूनं लिहायला लागले. सुट्टीच्या दिवसांत लोक दवाखान्याचं काम नसतानाही पोरांना घेऊन तिच्या गाडीची वाट बघत थांबतात, आधीची गाडी रिकामी गेली तरी. ही गोष्ट मावशी स्वतः कुणाला सांगत नाही. काका सांगतात, आणि सांगताना उगाच घड्याळाला किल्ली देत राहतात.

आता ताईचं. ताई दिसायला काकांसारखी, हट्टाला आईसारखी, आणि एका बाबतीत दोघांसारखीही नाही. तिला कुणाला काही मागता येत नाही. तहान लागली तर ती शेजारणीकडे पाणी मागणार नाही, नळ शोधेल. मावशी गाडीवर असायची तेव्हा ताई काकांच्या कामाच्या टेबलाखाली वाढली, आणि काका गिऱ्हाइकाशी बोलत असले की मधे बोलायचं नाही हे ती जे शिकली ते तिनं फारच मनावर घेतलं.

बोका दोन वर्षांचा असताना ती त्याला घेऊन एकटी निघाली होती, नवऱ्याकडे. नवरा पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, जिथं पूल तिथं तो. दुसऱ्याच दिशेची गाडी, मावशीच्या रूटची नाही. बोका रडला, मग ओकला, शेजारच्या माणसाच्या बुटावर. त्या माणसानं जे म्हणायचं ते म्हटलं: पोर आवरता येत नसेल तर घरी बसावं. ताईनं कुणाकडे फडकं मागितलं नाही, पाणी मागितलं नाही, स्वतःच्या ओढणीनं बूट पुसले आणि पुढच्या थांब्यावर उतरली. अनोळखी गाव, उन्हात एक बाकडं, आणि मांडीवर ओकून दमलेलं पोर. काका जाऊन तिला घेऊन आले. त्यानंतर ती कुठं गेलीच नाही. नवरा सुट्टी मिळाली की येतो आणि जातो. मधे धाकटी झाली, तिला सगळे ठकी म्हणतात. ठकीचा बाप फोनमध्ये राहतो, असं बोक्याचं मत आहे. ठकी त्या फोनला चाटते.

आता जावयाला पुलाजवळ दोन खोल्या मिळाल्या होत्या. बोक्याची शाळा तिथंच सुरू होणार होती. पुलाचं काम ऐन भरात, त्याला न्यायला येणं जमणार नव्हतं. ताई आत्ता गेली नाही तर वर्षभर पुन्हा तेच: इथं हे तिघं, तिथं तो. ताईला जायचं होतं. पण नुसतं गाडीचं नाव काढलं की ती भरलेली पिशवी पुन्हा उपसायला लागायची.

त्या तालमीच्या संध्याकाळी आम्ही खुर्च्या जागेवर लावत होतो तेव्हा काका हळूच म्हणाले, "तू जरा जास्तच बोललीस."

"रोज माझ्या गाडीत कुणीतरी कुणाला तरी हे म्हणतंच. शब्द न् शब्द तोच. मी काही घरचं घातलं नाही त्यात."

"तिला लागलं ते."

"लागू दे. घरात लागलं तर आतल्या खोलीत जाता येतं. गाडीत लागलं तर कुठं जाणार?"

"मग तू जा की तिच्याबरोबर. दोन दिवसांची तर रजा."

"नाही."

आतलं दार उघडलं. ताई ठकीला थोपटत दारात उभी होती. "मलाही तेच विचारायचंय," ती म्हणाली. "का नाही? जगाची पोरं पोचवतेस. माझीच दोन जड होतात का?"

"तुझी हलकी आहेत. तूच जड आहेस."

"हे काय उत्तर झालं?"

"मी आले तर तू पोचशील. नंतर कुणी आजारी पडलं, बाबांना बघायला यावंसं वाटलं, तर कशी येशील? मला तार करशील, मी यायचं, तुला आणायचं, पुन्हा पोचवायचं. तू काय पार्सल आहेस?"

"तार आता कोण करतं?" काका म्हणाले.

"तुम्ही मधे बोलू नका, तुम्ही गाडी चालवत होतात."

"गाडी तर केव्हाच पलटी झाली," काका पुटपुटले. ताईला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. दाबलेलं हसू मावशीला दिसलं, पण ती पाघळणारी नव्हे.

"ठीक आहे," ताई म्हणाली. "तू तुझ्या गाडीत एवढं काय करतेस, ते मला एकदा बघायचंय."

"ये की. तिकीट काढावं लागेल."

रविवारी आम्ही गेलो. मला वाटलं होतं की मी ताईजवळ बसेन, एक मूल धरेन. मावशीनं गणवेशाची कॉलर सरळ करत मला सांगितलं, "तू मागे. पुढे फिरकायचं नाही." ताईला तिनं मधल्या रांगेत बसवलं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध, जिथं धक्का सगळ्यात कमी लागतो, आणि सकाळचं ऊन येत नाही त्या बाजूला. एवढीच काय ती सवलत, आणि तीही ती सगळ्या लेकुरवाळ्यांना देते. शेजारी एक गृहस्थ होते, पेपर एवढा उघडून बसलेले की त्यांचे नुसते दोन हात आणि चष्म्याची एक काडी दिसत होती.

गाडी निघाली. मावशी पुढून मागे येत पोरांना कामं वाटत होती. पूल कोण बघणार, घंटी कोण ओढणार, आजोबांची टोपी कुणाकडे. बोका सीटवर गुडघ्यांवर उभा राहून आपली पाळी यायची वाट बघत होता. मावशी त्याला ओलांडून मागच्या रांगेकडे गेली.

"आजी, मला?"

"तुमच्या आईला विचारा. त्या देतील."

बोक्यानं ताईकडे पाहिलं. ताईनं आईच्या पाठीकडे पाहिलं. मी मागून ताईची नुसती मान बघत होते, आणि मानेवरूनही कळत होतं की ती आतून काय म्हणतेय.

"तू," ताई अखेर म्हणाली, "तू बघ, गाडीत कोण कोण झोपलंय. उठवायचं नाही. फक्त बोट दाखवायचं."

"आणि कुणी नाटक करत असेल तर?"

"ते कानात सांगायचं."

हे चांगलं काम होतं. बोका बराच वेळ ते मन लावून करत होता. ज्यांच्याकडे त्यानं बोट दाखवलं त्यांतले दोघे लाजून जागे झाले. मग वळणं सुरू झाली. आधी ठकी रडली, मग बोका पांढरा पडला. ताईच्या एका हातात ठकी, दुसऱ्या हातानं ती उलटीची पिशवी शोधतेय, पिशवी खाली, आणि बोका म्हणतोय, "आई, पोटात वळणं आलीत." मी अर्धी उठले. मावशीनं माझ्याकडे न बघता हात आडवा केला आणि मी बसले. ती तिथंच उभी राहिली, शेवटच्या रांगेपाशी, एका तरुणाला तिकीट देत.

ताईनं एकदा मागे पाहिलं. आईची पाठ दिसली. मग ती पेपराकडे वळली.

"जरा बाळ धरता का?"

पेपर खाली आला. मागे एक घाबरलेला चेहरा होता. "मी?"

"तुम्हीच. लवकर."

त्यांनी ठकीला असं घेतलं जसं कुणी चुलीवरून उतरवलेलं भांडं घेतं. ठकी आश्चर्यानं गप्प झाली. मग तिनं त्यांचा चष्मा पकडला.

"ही चष्मा मागतेय. देऊ का?"

"द्या. मोडला तर माझे वडील बघतील. घड्याळवाले आहेत, बारीक स्क्रू जमतात त्यांना."

तोवर बोक्याचं डोकं पिशवीत होतं. बरंचसं पिशवीत गेलं, थोडं पुढच्या सीटखाली. पुढची बाई झटक्यात वळली. तिनं पाय वर घेतला, बुटाकडे पाहिलं, आणि मला मागे बसूनही माहीत होतं की आता काय येणार.

"पोर आवरता येत नसेल तर घरी बसावं माणसानं."

मावशीचा हात तिकिटाच्या गठ्ठ्यावर थांबला.

"नाही येत आवरता," ताई म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत आला. "खरंच नाही येत. म्हणून तुमच्याकडे बघतेय. पाणी आहे का तुमच्याजवळ? आणि एखादं फडकं?"

अशा प्रश्नाची त्या बाईनं तयारी केली नव्हती. तिनं पिशवीतून बाटली काढली. मग फडकं काढलं. मग, बाटलीचं झाकण ताईला एका हातानं उघडत नाही हे बघून, झाकणही तिनंच उघडलं. "माझा थोरला असाच होता," ती म्हणाली, जरा रागानंच. "इंजिनाजवळ बसवून बघितलं का? नको हं बसवू, वासानं जास्त होतं."

शेवटच्या रांगेत तो तरुण मावशीला म्हणत होता, "मावशी, अहो, मी आत्ताच घेतलं तिकीट. हे काय, हातातच आहे."

"असू दे. हे पण ठेवा," मावशी म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातात दुसरं तिकीट ठेवलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि बाहेर डोंगराच्या कापलेल्या कड्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं ताईला शाबासकी दिली नाही. बूट काढले, पाय टेबलाखाली पसरले आणि काकांना म्हणाली, "आज एका माणसाला दोनदा तिकीट दिलं मी."

"तू?"

"मी."

"एवढ्या वर्षांत?"

"एवढ्या वर्षांत."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांना काय समजायचं ते समजलं होतं, कारण ते उठून आत गेले आणि ताईच्या ताटात त्यांनी न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

पुढचे दिवस घरात बसायला खुर्ची मिळायची नाही, सगळ्या गाडीत लागलेल्या असायच्या. आता तालीम ताईच घ्यायची. "आई, अजून वाईट बोल. हे फार सौम्य झालं."

"बाई, तुमच्या मुलाच्या आवाजानं माझा कान फुटला."

"कुठला?"

"डावा."

"मग उजवीकडे बसा ना. जागा करून देते. हिला धरता का तोवर?"

काका हसताना झाकण खाली पडायचं आणि बोका ओरडायचा की चालकानं पुढे बघावं. सामानाचीही ताईनं फिरवाफिरव केली. चार मोठ्या पिशव्यांच्या जागी एक मोठी, जी वर टाकायची आणि विसरायची, आणि एक लहान, मांडीजवळची. लहान पिशवीत बाळाचे कपडे तर होतेच, पण ताईचा स्वतःचा एक सदराही होता. हे मावशीनं शिकवलं होतं. लोक पोराचे दहा कपडे घेतात आणि पोर ओकतं ते आईच्या अंगावर. सफरचंदाच्या फोडी, कोरडा टोस्ट, पाणी घोटाघोटानं. नवीन खेळणं दाखवायचं नाही, जुनं लपवून ठेवायचं आणि रस्त्यात सापडल्यासारखं करायचं. गल्लीतल्या दोघी-तिघी उगाच डोकावून गेल्या. एक जण म्हणाली, "मावशीची लेक आहे, तिला काय शिकवायचं." ताईनं तिला बसवून घेतलं आणि सांगितलं, "शिकावं लागलं हो. रक्तात नव्हतं."

निघायच्या सकाळी आम्ही सगळे स्थानकावर गेलो. मावशीची सुट्टी नव्हती, तरी ती गणवेशात नव्हती. साधे कपडे, पायात सपाट चपला, आणि खांद्याला एक पिशवी.

"ही पिशवी कुणाची?" काकांनी विचारलं.

"माझी."

"काय आहे त्यात?"

"काही नाही. रिकामी आहे."

मी ती जरा वेळ धरली होती, ताईचं सामान चढवताना. रिकामी पिशवी अशी जड नसते. मी काकांकडे पाहिलं. काका स्थानकाच्या मोठ्या घड्याळाकडे बघत होते आणि ते पुढे आहे असं पुटपुटत होते.

त्या गाडीची कंडक्टर मावशीच्याच हाताखाली तयार झालेली एक तरुण मुलगी होती. मावशी तिच्याआधी गाडीत चढली. ऊन कुठल्या बाजूनं येईल ते बघितलं, सीटची पाठ हलवून पाहिली, खिडकीची काच वर-खाली केली. "हिला इथं बसव," ती त्या मुलीला म्हणाली. "आणि हे बघ, चहाला गाडी थांबते तिथं नळ बंद असतो, त्याच्या पुढे एक दुकान आहे..."

"मावशी, मला माहितीये. तुम्हीच दाखवलंय."

"बरं, बरं."

ताई चढली. मोठी पिशवी तिनं समोरच्या एका उंच मुलाला सांगून वर टाकून घेतली. विचारलं नाही, सांगितलं: "दादा, हे जरा वर." बोक्याला खिडकी दिली आणि वर्गात मास्तर देतात तसं त्याला काम दिलं. ठकी एव्हाना मागच्या सीटवरच्या एका आजीबाईंच्या मांडीवर होती आणि त्यांच्या मण्यांच्या माळेचा हिशेब घेत होती. मावशी ताईशेजारच्या रिकाम्या जागेवर बसली. जरा टेकली, असं म्हणता येईल, पण पिशवी मांडीवर घेऊन टेकली. मी आणि काका खाली खिडकीपाशी उभे होतो. काकांनी घड्याळावरची नजर काढून मावशीवर ठेवली होती.

"पोचल्यावर फोन कर," मावशी म्हणाली.

"करते."

"पोचायच्या आधीही केलास तरी चालेल."

"आई, मधे रेंज नसते."

"तेही खरंच."

एवढ्यात एक बाई धापा टाकत चढली. काखेत तीन वर्षांचं पोर, ते आधीच रडून लालबुंद, हातात उघडी पिशवी, तिच्यातून एक मोजा लोंबतोय. तिनं गाडीभर नजर टाकली. कुणी तिच्याकडे बघेना. सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागले, जसे लोक अशा वेळी बघतात. ताईनं मात्र हात वर केला.

"इकडे या. इथं बसा, माझ्याजवळ." मग ती शेजारी वळली, अगदी सहज, जसं गाडीत कुणालाही म्हणतात तसं. "आई, जरा उठतेस का? यांना बसायला जागा पाहिजे."

मावशी उठली. ती बाई बसली, ताईनं तिचं पोर उचलून बोक्याशेजारी ठेवलं आणि लोंबणारा मोजा आत खोचला. आता ती मावशीकडे बघतही नव्हती. ती त्या पोराला काहीतरी विचारत होती आणि पोर रडणं अर्धवट सोडून विचार करत होतं.

मावशी दोन सीटांच्या मधल्या वाटेत उभी होती, पिशवी खांद्याला. चालकानं गाडी सुरू केली. पुढून तरुण कंडक्टरनं विचारलं, "मावशी, दार लावायचंय. तुम्ही येताय की उतरताय?"

मावशीनं एकदा ताईच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहिलं. मावशीचा चेहरा मला काचेतून दिसला. आमच्या भिंतीवर तिला बक्षीस मिळतानाचा फोटो आहे, त्यातसुद्धा ती अशी दिसत नाही. मग ती कंडक्टरच्या बाजूनं दाराकडे गेली, आणि पायऱ्या उतरून खाली आली.